कोतवालिणीची धार

पेरण्या उरकून गाव जरा पाय पसरून बसलं होतं, त्याच आठवड्यात आप्पांचा अंगठा गेला. सकाळी म्हशी पाण्यावर नेताना मागून एक ट्रक कर्णा वाजवत आला. त्यातली भुरी बिचकली आणि उधळली. तिचं दावं आप्पांनी सवयीनं उजव्या हाताला गुंडाळून घेतलं होतं. ते सर्रकन आवळलं आणि आप्पा फरपटत गेले ते थेट डबक्याच्या काठापर्यंत. उठून उभे राहिले ते म्हणाले, "म्हैस कुठं गेली ते बघा आधी." मग त्यांचं हाताकडं लक्ष गेलं.

दवाखान्यातून परत आले तेव्हा हाताला पांढरं गाठोडं होतं. भेटायला येणाऱ्याला ते स्वतःच सांगत, "जन्मभर अंगठाबहाद्दर म्हणून काढला. आता तीही बहाद्दरी गेली. म्हातारपणी सही शिकावी लागणार." लोक हसत, आप्पाही हसत. पण सकाळी मुलगा त्यांच्या सदऱ्याची बटणं लावायला लागला की आप्पा मान वर करून आढ्याकडं बघत राहत. बटणं लावून होईपर्यंत खाली बघत नसत.

घरात माणसं चारच. आप्पा, त्यांचा थोरला मुलगा, त्याची वर्षभरापूर्वी आलेली बायको आणि धाकटी मुलगी. धाकटीची आई ती पाचवीत असतानाच गेली होती. थोरल्याला ती दादा म्हणायची आणि त्याच्या बायकोला वहिनी. घर चालायचं म्हशींवर. गोठ्यात सहा म्हशी होत्या. दादा दूध मोटरसायकलला कॅन बांधून डेअरीत घालायचा आणि शेत बघायचा. धारा आप्पा आणि धाकटी काढायचे. आता अंगठ्याशिवाय मूठ वळत नाही, आणि मूठ वळल्याशिवाय धार निघत नाही. दादाच्या हातात ती कला कधी उतरलीच नव्हती. तो कासेखाली बसला की म्हशी मान वळवून त्याच्याकडं असं बघायच्या, की तोच लाजून उठायचा. म्हणजे उरली धाकटी.

तिच्या बारावीचा निकाल नुकताच लागला होता, आणि चांगला लागला होता. तिच्यापुढं दोन वाटा होत्या. एक तालुक्याचं कॉलेज. एसटीनं तासाभराचा रस्ता, सकाळची धार काढून जायचं, संध्याकाळच्या धारेला परत. दुसरी वाट विद्यापीठाची. ते दूरच्या शहरात. तिथं राहावं लागणार, आणि यायचं ते सुट्टीत. दोन्हीकडं तिला जागा मिळाली होती. विद्यापीठात मात्र महिनाअखेरपर्यंत जाऊन हजर व्हायचं होतं, नाहीतर जागा दुसऱ्याला.

विद्यापीठ तिनं एकदाच पाहिलं होतं, शाळेच्या सहलीत. भूगोलाच्या बाईंनी तिथं मुलींना एका खड्ड्यात उतरवलं होतं. माणूस सहज उभा राहील एवढा खोल, कडा सुरीनं कापल्यासारख्या सरळ. वर काळी माती, तिच्याखाली तपकिरी, मग पिवळसर खडे, मग मुरूम. तिथल्या माणसानं सांगितलं, या एका हाताएवढ्या काळ्या थरावर सगळ्यांची पोटं चालतात, आणि तो तयार व्हायला हजारो वर्षं लागली. बाकीच्या मुली कपडे झटकत वर चढल्या. धाकटी भिंतीला हात लावून उभी राहिली. थंड होती भिंत. आपण रोज जिच्यावर चालतो तिला आतून एवढे रंग आहेत, हे तिला कुणी सांगितलंच नव्हतं. मातीचं शास्त्र तिथं शिकायला मिळत होतं. तालुक्याच्या कॉलेजात तो विषय नव्हता.

पण आता सकाळी अंधार फिटायच्या आत ती गोठ्यात जायची आणि दोघांच्या वाटणीच्या धारा एकटी काढायची. बोटं सुजायची, चहाचा कप दोन्ही हातांनी धरावा लागायचा. धारेच्या वेळी ती कपड्यांवरून आप्पांचा एक जुना तपकिरी सदरा घालायची. त्याला दुधाचा, शेणाचा, म्हशींच्या भिजवलेल्या आंबोणाचा असा मिळून एक वास होता. तो तिला येईनासा झाला होता, पण म्हशींना बरोबर यायचा.

त्यातही एक म्हैस अशी होती की ती धाकटीशिवाय कुणालाच थारा द्यायची नाही. गोठ्यात कोण आलं, कोण गेलं, कुणी किती वैरण टाकली, सगळ्यावर तिची नजर. म्हणून आप्पांनी तिचं नाव कोतवालीण ठेवलं होतं. दूध सगळ्यांत जास्त तिचंच. परकं माणूस दारात दिसलं, नुसता आवाज जरी आला, तरी ती पान्हा चोरायची, आणि मग देव खाली उतरला तरी थेंब द्यायची नाही. घराचा गाडा निम्मा तिच्यावर होता, आणि हे तिलाही ठाऊक असावं असा तिचा तोरा होता.

एका संध्याकाळी जेवताना दादानं विषय काढला. ताटाकडं बघतच म्हणाला, "कोतवालिणीला गिऱ्हाईक आहे. पलीकडच्या वाडीतला माणूस विचारत होता."

आप्पांचा डावा हात घासासकट थांबला. "कुणी सांगितलं विकायचीय म्हणून?"

"कुणी नाही. पण ही शहरात गेल्यावर तिची धार काढणार कोण? तुमचा हात असा. मला ती उभं करत नाही."

"रेडकू असल्यापासून वाढवलीय तिला," आप्पा म्हणाले.

वहिनी भांडं उचलायला उठली होती, ती तशीच उभी राहिली. धाकटी म्हणाली, "विकायला कशाला पाहिजे? मी कॉलेजला जाते. तालुक्याला. तसंही माझं मन तिकडंच आहे."

दादानं पहिल्यांदा मान वर केली. "खरंच?"

"मग काय. शहरात काय ठेवलंय? खोलीत चार अनोळखी मुली, आणि पाण्यासाठी रांग."

दादाच्या चेहऱ्यावरचा ताण असा उतरला की धाकटीला त्याचा राग येण्याऐवजी कीवच आली. तो काही वाईट नव्हता. आप्पांचा हात गेल्यापासून तो झोपेतही हिशेब केल्यासारखे ओठ हलवायचा. आप्पा मात्र हात न धुताच उठून बाहेर गेले आणि ओट्यावर पाठ करून बसले. वहिनी धाकटीकडं नुसती बघत होती.

दुसऱ्या दिवशी सकाळी वहिनी गोठ्याच्या दारात येऊन उभी राहिली. ती शहरगावातल्या शिंप्याची मुलगी. सुईत दोरा एका झटक्यात ओवायची, पण जनावराला भ्यायची. लग्न होऊन आली तेव्हा पहिल्या दिवशी भुरीनं तिचा पदर तोंडात धरला होता, आणि ही पदर तिथंच सोडायच्या बेतात होती. तेव्हापासून तिचा आणि गोठ्याचा संबंध शेणाच्या पाटीपुरता.

"मला शिकव," ती म्हणाली.

"काय?"

"धार काढायला."

"तुम्हाला कशाला, वहिनी?"

"शिकव म्हटलं ना. सगळ्यांत गरीब कोणती, तिच्यापासून सुरू करू."

गरीब म्हणजे भुरीच; आप्पांचा अंगठा घेऊनही ती गरीबच होती. धाकटीनं वहिनीला कासेखाली बसवलं. सड कसा धरायचा, वरून कसा दाबत यायचा, ओढायचा नाही, पिळायचा. वहिनीनं दाबलं आणि काहीच आलं नाही. पुन्हा दाबलं. एक धार आली ती बादलीत न जाता सरळ तिच्या कानात गेली. भुरीनं शेपटी फिरवून तोंडावर एक फटका दिला. वहिनी म्हणाली, "हां. आमची ओळख झाली," आणि पुन्हा बसली.

आठवडाभर हेच चाललं. वहिनीची बोटं शिवणाला सरावलेली, चपळ होती, पण मनगटात जोर नव्हता. रात्री ती हात गरम पाण्यात बुडवून बसायची. शेजारची चुलती कुंपणापलीकडून सगळं बघत असायची. एकदा म्हणाली, "अगं, म्हैस म्हणजे काय शिलाईचं मशीन वाटलं? पाय मारला की चालायला?"

"नाही हो काकू," वहिनी बसल्याबसल्या म्हणाली. "मशीन गप्प असतं. ही बोलते. फक्त शेजाऱ्यांपेक्षा कमी."

धाकटीला हसू आवरेना. आठवडा संपेपर्यंत भुरी आणि आणखी चार म्हशी वहिनीच्या हाताला लागल्या. पण कोतवालीण ती कोतवालीण. वहिनी जवळ गेली की ती आधी नुसतं बघायची, मग मागचा पाय उचलायची, आणि पाय बांधला तर पान्हा चोरून दगडासारखी उभी राहायची. एका सकाळी तिनं लाथ मारली ती वहिनीच्या मांडीला घसटून बादलीला लागली. आधीच्या दोन म्हशींचं दूध त्यात होतं, ते सगळं शेणात गेलं. दादा कॅन बांधत होता, तो धावत आला आणि बायकोवर ओरडला, "होत नाही तर कशाला नसत्या भानगडीत पडतेस?" चुलती कुंपणाशी होतीच. वहिनी लंगडत बादली विसळायला गेली.

"वहिनी, राहू दे आता," धाकटी तिच्या मागं जाऊन म्हणाली. "मी आहे ना इथंच."

"तू गप्प बस," वहिनी म्हणाली.

त्यानंतर चार दिवसांनी धाकटी तालुक्याचं कॉलेज बघायला गेली. इमारत नीटनेटकी होती. बाकांना नवा रंग होता, मैदानात मुली खेळत होत्या. कचेरीतल्या कारकुनानं स्वतः उठून तिला वर्ग दाखवले. संध्याकाळची एसटी चुकू नये म्हणून गावाकडच्या मुलींना शेवटच्या तासाला थोडं आधी सोडतात, असंही सांगितलं. कुणी नाव ठेवावं असं काहीच नव्हतं. इथं आपलं सगळं सुरळीत होईल, असं तिला वाटलं, आणि का कोण जाणे, तेवढ्यानंच ती उदास झाली. प्रयोगशाळेच्या खिडकीतून बाहेर एक चर खणलेला दिसत होता, पाण्याच्या नळासाठी. तिचे पाय आपोआप तिकडं वळले. ती वाकून कडेचे थर बघत राहिली. शिपाई म्हणाला, "ताई, काही पडलं का?"

"नाही," ती म्हणाली आणि स्टँडकडं निघाली.

परतीची गाडी अर्ध्या रस्त्यात बंद पडली. चाक बदलेपर्यंत उन्हं कलली. धाकटी सारखी रस्त्याकडं बघत होती. कोतवालीण वेळेची पक्की. कास तटली की हंबरून गोठा डोक्यावर घ्यायची, आणि सड तसेच राहिले तर दुखणं जडायचं. फाट्यावर उतरून ती जवळजवळ पळतच घरी आली. लांबून कान देत होती, पण हंबरडा ऐकू येत नव्हता. तिला वाटलं, दादानं म्हैस देऊन टाकली. मी नसताना दोरी सोडून दिली.

ती गोठ्याच्या दाराशी आली आणि थबकली. आत कोतवालीण रवंथ करत उभी होती. तिच्या पोटाला डोकं टेकून कुणीतरी तपकिरी सदऱ्यात बसलं होतं. क्षणभर धाकटीला आपणच तिथं बसलोय असं वाटलं. सदरा तिचा होता, डोक्याला बांधलेला फडका तिचा होता, आणि धार काढताना धाकटी गुणगुणायची तशी एक सूर नसलेली गुणगुणही चालू होती. वहिनीचा गळा खरं म्हणजे गोड होता. म्हशीसाठी ती मुद्दाम बेसूर गात होती. बादलीत फेस वर आला होता.

धाकटी आत गेली नाही. ती मागं फिरली आणि वैरणीच्या गंजीआड जाऊन बसली. तिला आनंद व्हायला हवा होता. झालं उलटंच. इतकी वर्षं ही म्हैस माझी म्हणत होते, आणि तिला काय हवं होतं, तर एक सदरा. कुणीही घातला असता तरी चाललं असतं.

थोड्या वेळानं वहिनी बादली घेऊन बाहेर आली. सदरा तिला ढगळ होत होता, गालाला शेण लागलं होतं. धाकटीला बघून ती थांबली, बादली खाली ठेवली आणि शेजारी टेकली.

"कधी आलीस?"

"मघाशी."

"मग आत का नाही आलीस? बरं झालं म्हणा, नाही आलीस ते. तिनं मागं वळून आपल्या दोघींना एकदम बघितलं असतं तर माझी फजिती होती." तिनं धाकटीच्या चेहऱ्याकडं बघितलं. "काय झालं?"

"काही नाही. तुम्ही माझ्यासाठी एवढं करताय, आणि मला..."

"आणि तुला राग आलाय."

धाकटीनं मान डोलावली.

"येऊ दे. पण एक सांगते, सगळं तुझ्यासाठी नाही करत मी. वर्ष झालं या घरात येऊन. पाणी भरते, शेण भरते, आणि कोतवालीण मला ओळखत नाही म्हणून उंबऱ्यावर उभी राहते. उद्या तुझ्या दादानं म्हैस विकली असती तरी मला कुणी विचारलं नसतं. आता विचारावं लागेल." तिनं हाताची बोटं उघडमीट करून बघितली. "ही बोटं माझी आहेत. तुझी उसनी नाहीत. सदरा तेवढा तुझा आहे, तो मला देऊन जा."

"मी कुठं जाणार नाहीये."

"का?"

"इथं..."

"म्हैस आहे म्हणून? ती अडचण तर आता सुटली." वहिनीचा आवाज खाली आला. "तू भ्यायलीस का गं? खरं सांग. मी या घरात आले तेव्हा पहिला महिना रोज भ्यायचे. पण मला निदान माहीत होतं की मी भ्यालेय. तू म्हशीच्या आड उभी राहून भीत होतीस."

धाकटी गंजीतली एक काडी मोडत म्हणाली, "तिथं कुणी मला ओळखत नाही, वहिनी. मला जमलं नाही तर?"

"नाही जमलं तर ये. हा गोठा कुठं पळून चाललाय? मला भुरीनं तोंडावर शेपूट मारलं, ह्या बाईनं लाथ मारली, नवऱ्यानं सगळ्यांदेखत फाडकन बोलून घेतलं. मेले का मी?"

धाकटी हसली आणि हसता हसता रडली. वहिनीनं तिला जवळ घेतलं नाही. हात शेणाचे होते. नुसता खांदा खांद्याला लावून बसून राहिली. दूध निवत होतं, तरी तिनं घाई केली नाही.

रात्रीच्या जेवणाआधीच, सगळे ओट्यावर असताना धाकटीनं सांगून टाकलं. "आप्पा, मी विद्यापीठात जाते."

दादानं आधी बायकोकडं बघितलं. तिनं भरलेली बादली त्याच्यापुढं आणून ठेवली आणि म्हणाली, "कोतवालिणीची आहे. मोजून घ्या." दादानं बादलीत डोकावून बघितलं, मग गोठ्याकडं, मग पुन्हा बादलीत. त्याच्या कानाच्या पाळ्या लाल झाल्या. म्हणाला, "त्या दिवशी मी जरा जास्तच बोललो."

"हो," वहिनी म्हणाली. "बोललात."

आप्पा उठून धाकटीजवळ आले. गाठोडं सुटून आता नुसती पट्टी राहिली होती. चार बोटांचा तो हात त्यांनी तिच्या डोक्यावर ठेवला. अंगठा नसल्यामुळं हात नीट बसेना. त्यांनी तो दोनदा सरकवला. "मला वाटलं होतं माझा हात गेला त्यात तुझंही गेलं," ते म्हणाले. "देवाचे आभार मानू की सुनेचे, तेच कळेना. सुनेचेच मानतो. ती समोर आहे." वहिनी चटकन आत निघून गेली, आणि आतून बराच वेळ भांड्यांचा विनाकारण आवाज येत राहिला.

निघायच्या दिवशी पहाटेपासून दादा मोटरसायकल पुसत होता. एका बाजूला दुधाचा कॅन, दुसऱ्या बाजूला धाकटीची बॅग अशी त्यानं बांधणी केली. आधी डेअरी, मग स्टँड. दूध थांबत नाही. आप्पा गेटशी जाऊन उभे होते. आदल्या दिवशीच त्यांनी भूगोलाच्या बाईंना घरी बोलावून चहा पाजला होता आणि शहरात कुठं उतरायचं ते पाच वेळा विचारून पाठ केलं होतं. आता तेच ते धाकटीला पाठ म्हणून दाखवत होते. तिनं सगळं ऐकून घेतलं.

मग ती वहिनीला भेटायला गोठ्याकडं वळली. भिंतीपाशी येऊन थांबली. आत धार चालू होती. कोतवालिणीचीच. आता आपण आत गेलो, नुसती हाक मारली, तरी ती मान वळवेल, दोघींना बघेल आणि पान्हा चोरेल. सकाळचं सगळं दूध जाईल. वहिनीनं ही वेळ मुद्दाम निवडली की तशीच आली, कोण जाणे. रडारड टाळायला ती काहीही करू शकली असती.

धाकटी भिंतीला पाठ लावून उभी राहिली. आधी रिकाम्या बादलीच्या तळाशी धारा टणटण वाजत होत्या. हळूहळू तो आवाज जाड झाला, मग फेसात बुडून नुसती सळसळ ऐकू यायला लागली. हात कुठं अडखळत नव्हता. मधेच ती बेसूर गुणगुण. तिला वाटलं, जन्मात कुणी आपल्याला एवढं मोठं काही दिलं नाही, आणि ते घेताना तोंडातून शब्दही काढायची सोय नाही. तिनं दोन्ही हात जोडले, कुणाला दिसत नव्हतं तरी. मग चपला हातात घेतल्या, पावलं वाजू नयेत म्हणून, आणि अनवाणीच ओल्या मातीतून दादाच्या मोटरसायकलकडं चालू लागली. मागं धार चालूच होती.